एक वीत काळी पट्टी

"अकरा वर्षं झाली, माझ्या काचेला साधा ओरखडा नाही," असं म्हणत रोमुआल्दो सिरपाने उकळत्या पाण्याची किटली मिनीबसच्या पुढच्या काचेवर ओतली.

जून महिना, म्हणजे तिथला ऐन हिवाळा, आणि डोंगरमाथ्यावरच्या एल आल्तो शहराची सकाळ. रात्रीतून स्टँडवरच्या सगळ्या गाड्यांवर पांढरा खरखरीत बर्फ धरला होता आणि बाकीचे ड्रायव्हर संपलेल्या फोनकार्डांनी तो खरवडत होते. सिरपा त्यांना अक्कल शिकवत होता.

"भांडी घासताय की गाड्या काढताय? काच कशी जपायची ते माझ्याकडून शिका. पाणी पाहिजे, पाणी! असं! एका दमात!"

एका दमात काच गेली. आवाजही फार झाला नाही. वाळकी काटकी मोडावी तसा 'कट' झाला आणि वरच्या डाव्या कोपऱ्यातून खालच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत एक रेघ निघाली. वाटेत तिला दोन पोरं झाली, तीही आपापल्या दिशेने चालती झाली.

 मग पलीकडच्या गाडीतून कुणीतरी विचारलं, "सिरपाभाऊ, पुढचा धडा कधी?"

सिरपाची बायको नेमेसिया गाडीच्या दारात उभी राहून "सेहा, सेहा, सेहा!" असं गाडीच्या शेवटच्या थांब्याचं नाव ओरडत गिऱ्हाईक गोळा करायची. ती ओरडायची थांबली. तिने काचेकडे बघितलं, मग नवऱ्याकडे बघितलं.

"किटली दे इकडे," ती म्हणाली. "तेवढी तरी माझी राहू दे."

काच जाणं वाईटच, पण गुरुवारी जाणं फार वाईट. शनिवारी संघटनेची तपासणी होती. स्टँडवरून गाड्या नंबराने सुटायच्या आणि सिरपाचा नंबर सातवा होता. कामावर जाणाऱ्यांची लोंढ्याने येणारी गर्दी नेमकी सातव्या गाडीला सापडायची, म्हणून त्या नंबरासाठी लोक नवस बोलायचे. तपासणीला गाडी धड दिसली नाही तर नंबर जायचा आणि वेटिंगला बसलेल्या पहिल्या माणसाला मिळायचा. वेटिंगला पहिला बसला होता पारीचा जावई.

आणि अख्ख्या भागात त्या मापाची काच एकाच माणसाकडे होती. पारीकडे.

सातुर्निनो पारी धंद्याने काचवाला, आणि सिरपाच्या गाडीचा धर्मबाप. पोराला धर्मबाप असतो तसा गाडीलाही असतो. गाडी घरी आली की तो तिच्यावर बिअर शिंपडतो, तिला माळा घालतो, आणि त्या दिवसापासून गाडीवाल्याचा व्याही होतो. व्याही झाला म्हणजे भांडायचा हक्क आपोआप आलाच. सिरपाच्या काचेवर पूर्वी सोनेरी अक्षरांत 'धर्मबाप: सातुर्निनो पारी' असं लिहिलेलं होतं. तीन वर्षांपूर्वी सिरपाने गाडीला नवं इंजिन बसवलं आणि इंजिनासाठी वेगळा धर्मबाप केला, एक कसाई, कारण तो अख्खं मेंढरू देणार होता. पारीने भर बाजारात सिरपाला मेंढराचा जावई म्हटलं. सिरपाने घरी जाऊन ब्लेडने काचेवरचं नाव खरवडून काढलं. (तो ओरखडा त्याने अकरा वर्षांच्या हिशेबात धरला नव्हता.) तेव्हापासून दोघं एकमेकांना टाळत नसत. उलट रस्ता ओलांडून शिव्या द्यायला येत.

सिरपा गाडी घेऊन गल्लीत वळला तेव्हा पारी दुकानापुढे स्टुलावर बसून जांभळ्या मक्याचं गरम आपी फुरकत होता. फुटकी काच बघून त्याने पेला खाली ठेवला, उठला, टोपी काढली आणि काचेपुढे मान लववली. मयताला आल्यासारखी.

"काय व्याही," तो म्हणाला, "गारपीट झाली वाटतं. नेमकी तुमच्याच गाडीवर."

"दगड उडाला."

"किटलीतून?"

बातमी गाडीच्या आधी पोचली होती. सिरपाने दात आवळले. "काच आहे की नाही ते बोल. नसली तर दुसरीकडे जातो."

"जा की. दुसरीकडे म्हणजे ओरुरो. साडेतीन तास लागतात. तुला पाच लागतील, डोकं खिडकीतून बाहेर काढून चालवावी लागेल."

भिंतीला टेकवून ठेवलेली काच सिरपाला दिसत होती. तिच्यावर धूळ होती आणि धुळीत कुणीतरी बोटाने डुक्कर काढलं होतं.

"ही काय मग?"

"ही आहे. पण ही माझी लेक आहे, व्याही. कुठल्याही घरी देत नाही मी."

"तुझी लेक दिलीस ते घर बघितलंय मी."

"ए!" पारी पुढे आला.

गाडीतून नेमेसिया ओरडली, "काच आज बसवणार की दोघांची माती झाल्यावर? माझं गिऱ्हाईक तिकडे दुसऱ्यांच्या गाड्यांतून चाललंय!"

पारी नेमेसियाला मान द्यायचा. तो परत स्टुलावर बसला आणि अट सांगितली. काच बसवतो, मजुरी घेत नाही. पण वरच्या बाजूला काळी फिल्म लागेल आणि तिच्यावर सोनेरी अक्षरांत त्याचं नाव परत चढेल.

"गाडीला धर्मबाप आहे," सिरपा म्हणाला. "कसाईदादा."

"तो इंजिनाचा. मग इंजिनातून बघ रस्ता."

"मला कळतं रे सगळं! तुझ्या जावयाचा माझ्या नंबरावर डोळा आहे. तू काच मुद्दाम तिरकी बसवशील, शनिवारी माझी गाडी नापास, आणि तुझा जावई सातवा!"

"जावई गेला चुलीत!" पारी खरोखरच भडकला. "दर रविवारी येतो आणि सगळ्यांच्या आधी कोंबडीची तंगडी उचलतो. त्या हावरटासाठी मी माझं नाव तिरकं लावू? माझं नाव?"

सिरपाला हे पटलं. शिवाय काळी पट्टी त्याला बऱ्याच वर्षांपासून हवी होती. चार हजार मीटरवरचं ऊन समोरून थेट तोंडावर यायचं; त्याच्या कपाळाची साल वर्षातून तीनदा निघायची. फक्त ती पट्टी या माणसाच्या नावाची असावी हे त्याला गिळवत नव्हतं. त्याने गिळलं.

"पण संघटनेचा नियम आहे," तो म्हणाला. "पट्टी एक वीत. केसभर जास्त नाही."

"एक वीत," पारी म्हणाला.

"एक वीत."

तीन वर्षांत दोघांचं एकमत झालेली ही पहिलीच गोष्ट. कुणाची वीत, हे कुणीच विचारलं नाही.

शुक्रवारी काच बसली. नव्या काचेच्या कडेने रबर चढवायचं, रबराच्या खाचेत सुतळी घालायची, सगळीकडे साबणाचं पाणी लावायचं, मग बाहेरून एकाने काच दाबायची आणि आतून दुसऱ्याने सुतळी ओढत रबराची कड आत घ्यायची. या कामाला दोन माणसं लागतात आणि दोघांनी एकमेकांचं ऐकावं लागतं.

"ओढ!" बाहेरून पारी.

"ओढतोय!"

"हे ओढणं आहे? म्हाताऱ्या गाईचं दूध काढतोस तसं काय ते? जोरात ओढ!"

"तू आधी नीट दाब! जेवला नाहीस का?"

"तुझ्या घरी जेवलो होतो एकदा, अजून उपाशी आहे!"

सुतळी दोनदा तुटली. तिसऱ्यांदा सिरपाच्या हातात सुतळीऐवजी रबरच आलं. शेवटी काच बसली, आणि दोघांनाही ती सरळ बसल्याचं वाईट वाटलं, कारण तिरकी बसली असती तर दोष कुणाचा यावर दुपारपर्यंत भांडता आलं असतं.

मग सिरपाला पारीने आपी प्यायला पाठवलं. पाहुणचार नव्हता तो. फिल्म लावताना मागून फुकटचे सल्ले नको होते. फिल्म त्याने बाहेरच्या बाजूने लावली. आतून लावली असती तर नाव जगाला नीट कसं दिसलं असतं? आणि सिरपासारखा माणूस कधीतरी परत ब्लेड घेऊन येणार हे ओळखून त्याने फिल्मखाली बुटाला लावायचं सोल्यूशन चोपडलं. भरपूर चोपडलं.

सिरपा परत आला आणि रस्त्याच्या मध्येच उभा राहिला.

आयुष्यभर काचा उचलून पारीचे हात होडीच्या वल्ह्यांसारखे झाले होते. त्याने वीत टाकली होती ती वरच्या रबरापासून जवळजवळ अर्ध्या काचेपर्यंत. त्या काळ्या मैदानावर वरच्या ओळीत 'धर्मबाप' आणि खालच्या ओळीत, दुप्पट मोठ्या अक्षरांत, 'सातुर्निनो पारी'.

"ही वीत आहे?"

"माझी आहे. तुझी कशी लावू? तुझ्या वितीत माझं आडनावसुद्धा मावलं नसतं."

सिरपा सीटवर बसला. समोर अंधार होता. हनुवटी स्टिअरिंगला टेकवली तेव्हा कुठे रस्ता दिसायला लागला, तोही चाकांच्या उंचीचा. घरी जाताना नेमेसिया शेजारी बसून बातम्या देत होती.

"लाल. लाल आहे. अजून लाल. आता हिरवा. कुत्रं. बाई. अरे बाई म्हटलं ना!"

"पट्टी नियमात आहे," सिरपा स्टिअरिंगवरून पुटपुटला. "एक वीत म्हणजे एक वीत. कुणाची ते नियमात लिहिलेलं नाही."

"तुझी मान अशीच वाकडी राहिली तर तपासणीला गाडीआधी तूच नापास होशील," नेमेसिया म्हणाली.

शनिवारी स्टँडवर सगळ्या गाड्या धुऊनपुसून, माळा घालून ओळीत उभ्या राहिल्या. बिअरचे क्रेट आले, बँडवाले आले, आणि शिस्तप्रमुख दोन्या ओतिलिया आल्या. टोपीसकट पाच फूट, चार घोळदार परकर, काखेत वही. त्यांना दोन्या, म्हणजे बाईसाहेब, म्हटल्याशिवाय कुणी हाक मारत नसे. एकाने नुसतं ओतिलिया म्हटलं होतं, तो सध्या दुसऱ्या गावात भाजी विकतो.

पारीही आला होता, नवा कोट घालून, आपलं नाव बघायला. ते तो लांबून बघत होता, जवळून बघत होता आणि अनोळखी लोकांनाही दाखवत होता. जावई ओळीच्या शेवटी स्वतःच्या गाडीला टेकून उभा होता आणि कुणीतरी दिलेली तंगडी खात होता.

दोन्या ओतिलियांनी सातव्या गाडीपुढे क्रेट ठेवायला सांगितला, त्यावर चढल्या आणि काचेवर हात ठेवला. त्यांचा हात एखाद्या लहान बटाट्याएवढा होता.

"एक वीत," त्या म्हणाल्या आणि करंगळीपाशी अंगठा आणून परत बोटं पसरली. "ही दुसरी. हे काय आहे सिरपा? काच आहे की पडदा?"

"दोन्या, एक वीतच आहे. व्याह्यांच्या हाताने."

"माझ्या हाताने, दोन्या," पारीने अभिमानाने पंजा उघडून दाखवला.

"असेल तुझ्या हाताने. पण नियम माझ्या हातात आहे." त्या क्रेटवरून उतरल्या. "पुढच्या गाड्या बघून येते. दहा मिनिटं. जास्तीची फिल्म कापा, नाहीतर सात नंबर गेला."

सिरपाने खिशातून ब्लेड काढलं. पारी काचेच्या आडवा आला.

"कापलीस तर खालची ओळ जाते! माझं नाव जातं! नुसतं 'धर्मबाप' राहील! कोण धर्मबाप? कोणीही? तो मेंढरवाला?"

"चांगलंच आहे. सरक!"

"आधी माझा गळा काप!"

"त्याला ब्लेड पुरणार नाही, करवत लागेल! सरक म्हणतो ना!"

सिरपाने फिल्मचा एक कोपरा उचकटला. पारीने दुसरा धरला. एक इकडे ओढतोय, एक तिकडे, बँडवाले वाजवायचे थांबून बघतायत. फिल्म आधी ताणली गेली, मग थंडीने कडक झालेली ती एकदम चर्रकन पूर्णच्या पूर्ण सुटली. पारी मागच्या मागे बिअरच्या क्रेटांवर बसला आणि स्वतःच्याच नावात गुंडाळला गेला.

काचेवर फिल्म उरली नाही. उरलं ते सोल्यूशन. पिवळं, जाड, तारा सुटणारं.

"हे काय लावलंयस रे चांभारा?"

"तुझ्यासाठीच लावलंय!" फिल्म हातांवरून सोडवत पारी ओरडला. ती एका हातावरून सुटून दुसऱ्याला चिकटत होती.

नेमक्या त्या वेळी सहावी गाडी पास झाली. तिच्या मालकाच्या बहिणींनी आनंदाने कागदाच्या रंगीत कपट्यांची पिशवी उधळली, आणि वारा एल आल्तोचा. कपटे आपल्या गाडीवर पडलेच नाहीत. सगळेच्या सगळे वळले आणि सिरपाच्या काचेला जाऊन चिकटले. लाल, पिवळे, हिरवे. मागोमाग झेंडूच्या पाकळ्या आल्या. मग एक पीस आलं, ते कुठून आलं कुणालाच कळलं नाही.

सिरपाने बिअर ओतून बाहीने पुसायला घेतलं. कपटे निघाले नाहीत, सोल्यूशनबरोबर खाली सरकत गेले.

दहा मिनिटं झाली. दोन्या ओतिलिया क्रेटवर चढल्या आणि अंगठा टेकवला.

"एक. दोन. अडीच. मी कमी करायला सांगितलं होतं, सिरपा."

"दोन्या, ही फिल्म नाही हो! हे कपटे आहेत!"

"यातून रस्ता दिसतो?"

"नाही."

"मग फिल्म म्हणा की कपटे, मला काय करायचंय?" त्यांनी वही उघडली. ओळीच्या शेवटी जावयाने तंगडी टाकली आणि हात पँटला पुसले.

तेवढ्यात नेमेसिया पेट्रोलचा बोळा घेऊन आली. "दोन्या, पाच मिनिटं. फक्त पाच. या दोघांना मी बघते." तिने एक बोळा नवऱ्याच्या हातात कोंबला आणि दुसऱ्याने स्वतः घासायला लागली. "घास! अकरा वर्षं ओरखडा नाही म्हणे! अकरा वर्षं मी घासतेय, तू कधी घासलीस? आणि व्याही, तुम्ही काय बसलाय तिथे नवरीसारखे गुंडाळून? नखांनी काढा!"

तिघांनी घासलं. शिव्या देत घासलं, पण घासलं. पाच मिनिटांत काच अशी स्वच्छ झाली की एका कबुतराने तिच्यातून जायचा विचार केला आणि ऐन वेळी बदलला. ना पट्टी, ना नाव. दोन्या ओतिलियांनी एका बाजूने बघितलं, दुसऱ्या बाजूने बघितलं. जावयाचा चेहरा पडला.

"काच चांगली आहे," त्या म्हणाल्या. "पण नवी आहे. नव्या काचेला पाजल्याशिवाय मी सही करत नाही, ठाऊक आहे ना? धर्मबाप कुठाय?"

सिरपाने इकडे तिकडे बघितलं. कसाई शनिवारी दुकान सोडून येत नसे. उरला एकच. तो शेजारीच उभा होता आणि कोटाला चिकटलेले कपटे एकेक करून वेचत होता, एकदम निवांत.

"व्याही," सिरपा जमिनीकडे बघत म्हणाला.

"काय म्हणालात? बँड फार वाजतोय."

बँड बंद होता.

"व्याही! धर्मबाप व्हाल का?"

"कशाचा? इंजिनाचा?"

"काचेचा," सिरपा म्हणाला. आणि दोन्या ओतिलियांची पेन्सिल वहीवर टकटक करायला लागली तेव्हा भर स्टँडसमोर, मोठ्याने: "काचेचा, गाडीचा, सगळ्याचा! झालं समाधान? पाया पडू?"

"पड," पारी म्हणाला. मग नेमेसियाकडे बघून म्हणाला, "बरं, राहू दे. वहिनींसाठी करतो."

त्याने कोट सारखा केला. बिअरची भरलेली बाटली घेतली, आकाशाकडे बघितलं, धरणीमातेच्या नावाने जमिनीवर दुसऱ्या बाटलीतून चार थेंब सोडले. आता शेवटचं काम: भरली बाटली बंपरवर फेकून फोडायची. एका फटक्यात फुटली की गाडीची भरभराट. त्याने नेम धरला. तीन वर्षांचा सगळा राग त्या हातात होता, आणि तो कुठे काढायचा हे त्याला पहिल्यांदाच नीट माहीत होतं.  दोन्या ओतिलियांनी सहीसाठी पेन्सिल टेकवली.

त्याने हात जोरात खाली आणला आणि बोटं उघडली. पण काच घासली तरी हात कुणी घासला नव्हता. सोल्यूशनने बाटली धरून ठेवली. हात बंपरजवळून गेला, मागे गेला, फिरून वर आला, आणि मग बाटली सुटली.

काच मधोमध गेली. सातवा नंबर अकरा वाजता पारीच्या जावयाच्या नावावर चढला. बाटली सिरपाच्या सीटवर सापडली. तिला काही झालं नव्हतं.